वेस्ट बेडन स्प्रिंग्ज हॉटेल (इंडियाना): जाऊन आले, लिहितेय, तुम्हीही भर घाला

मिडवेस्टी_मावशी

"इंडियानात बघण्यासारखं काय आहे" या धाग्यावर मागे सगळ्यांनी "मका" असं एकमुखाने लिहून विषय संपवला होता, त्याला उत्तर म्हणून हा वेगळा धागा काढतेय.

इंडियानापोलिसहून दक्षिणेला साधारण दोन तास आणि लुईव्हिलहून सव्वा तासाच्या आसपास फ्रेंच लिक आणि वेस्ट बेडन स्प्रिंग्ज अशी दोन चिमुकली गावं आहेत, एकमेकांना चिकटून. बास्केटबॉलवाल्यांना फ्रेंच लिक माहीत असेल, लॅरी बर्डचं गाव. बेडफर्ड सोडलं की सपाट जमीन संपते आणि रस्ता डोंगरझाडीतून वळणं घ्यायला लागतो, पेओलीच्या चौकातून उजवीकडे वळलात की पोचलातच. गाव म्हणजे दोन पेट्रोल पंप, चार दुकानं, आणि मग एकदम एक कमान, तिच्यावर 'कार्ल्सबॅड ऑफ अमेरिका', आत विटांचा रस्ता आणि त्याच्या टोकाला हे पिवळसर गोल प्रकरण. इतक्या लहान गावात इतकं मोठं काही असेल यावर डोळे पटकन विश्वास ठेवत नाहीत.

बाहेरून बघून "हं, मोठं आहे" एवढंच वाटतं, ते ठीक आहे. खरी गंमत आत. लॉबीतून चार पावलं पुढे गेलं की छत नाहीसंच होतं. २०० फूट व्यासाचं गोल अंगण, भोवती सहा मजले खोल्या, आणि सगळ्यावर एकच घुमट, मधे एकही खांब नाही. १९०२ साली हे बांधलं तेव्हा असा बिनखांबी घुमट जगात सगळ्यात मोठा होता, १९१३ मधे ब्रेस्लाऊला (आता पोलंडमधलं व्रोत्सवाफ) काँक्रीटचा मोठा घुमट झाला तोवर. अमेरिकेत तर पहिला नंबर १९५५ पर्यंत टिकला.

बांधणाऱ्याचं नाव ली सिंक्लेअर. त्याचं आधीचं हॉटेल लाकडी होतं, ते जून १९०१ मधे जळून खाक झालं. माणसाने हाय खाल्ली असती. याने उलट ठरवलं की आता जगात नाही असा घुमट बांधायचा आणि तोही वर्षभरात. बरेच आर्किटेक्ट नाही म्हणाले, शेवटी हॅरिसन ऑल्ब्राइट नावाच्या वेस्ट व्हर्जिनियातल्या आर्किटेक्टने होकार दिला आणि घुमटाचं गणित ऑलिव्हर वेस्टकॉट या पूल बांधणाऱ्या इंजिनियरने केलं. सप्टेंबर १९०२ मधे हॉटेल उघडलं सुद्धा. आमच्या इथल्या एका रस्त्याचं रुंदीकरण याहून जास्त वेळ चाललंय.

लोक यायचे पाण्यासाठी. गंधकाचे झरे, पाणी गार, कुजक्या अंड्याचा वास. रेल्वे थेट हॉटेलच्या दाराशी यायची, शिकागोहून श्रीमंत मंडळी ट्रंका घेऊन यायची, पाणी प्यायची, आंघोळी करायची, आणि संध्याकाळी जुगार (बेकायदा, पण सगळ्यांना माहीत असलेला). पुढे पहिल्या महायुद्धात इथे लष्करी हॉस्पिटल झालं, मग एड बॅलार्ड या सर्कस आणि जुगारवाल्याने विकत घेतलं, १९२९ ला शेअर बाजार आपटला आणि १९३२ मधे हॉटेल बंद. १९३४ ला बॅलार्डने ते जेझुइट पाद्र्यांना चक्क १ डॉलरला दिलं. तीस वर्षं तिथे सेमिनरी, म्हणजे पाद्री घडवायची शाळा. मग १९८३ पर्यंत एक बिझनेस कॉलेज. मग कुलूप, कोर्टकचेऱ्या, गळती. जानेवारी १९९१ मधे पाणी साठून, गोठून बाहेरच्या भिंतीचा सहा मजली तुकडा कोसळला. ते फोटो टूरमधे दाखवतात, खोल्यांची आतली बाजू उघडी पडलेली, सगळं लोंबतंय. ते बघून वर मान करून परत घुमट बघितला की कळतं हे किती थोडक्यात वाचलंय.

वाचवलं कोणी तर इंडियाना लँडमार्क्स ही संस्था आणि ब्लूमिंग्टनचे बिल आणि गेल कुक हे नवराबायको. १९९६ पासून काम सुरू, आणि पाहुण्यांसाठी परत उघडलं २००७ मधे. म्हणजे १९३२ नंतर तब्बल ७५ वर्षांनी.

आता माझं मत. हे रिसॉर्ट म्हणून जाण्यापेक्षा इमारत म्हणून जा. टूर आधी करा (इंडियाना लँडमार्क्सवाले घेतात, गाइड बहुतेक आसपासच्या गावातले लोक असतात आणि जीव तोडून सांगतात) आणि मग अंगणात खुर्ची पकडून बसा. नुसतं बसायचं. तिथे रूकवुड पॉटरीच्या टाइल्सची एक फायरप्लेस आहे, माणूस आत उभा राहील एवढी, ओंडके घालतात ते मोजायला जाऊ नका. तिच्यावर एक बुटका म्हातारा आहे, 'स्प्रूडेल', हॉटेलच्या पाण्याचा ब्रँड, त्याला शोधायचं काम मुलांना द्या म्हणजे तुम्हाला अर्धा तास मिळेल.

प्रश्न विचारा, माहीत असेल ते सांगेन.

कांदेपोहे_कोलंबस

मस्त लिहिलंयस! दोन शंका. खोली आतल्या बाजूची घ्यावी का बाहेरच्या? आणि लहान मुलांना कंटाळा येईल का, आमचे दोघे "अजून किती वेळ" गटातले आहेत.

मिडवेस्टी_मावशी

@कांदेपोहे, आतली बाजू, शक्य असेल तर बाल्कनीवाली. पैसे जास्त पडतात, आणि अंगणात पियानो वगैरे असेल तर आवाज येतो, पण रात्री घुमटाला रंगीत लाइट्स सोडतात ते बाल्कनीतून बघायला मिळतं आणि सकाळी लवकर उठलात तर खाली फरशीवर ऊन हळूहळू सरकत येताना दिसतं. झोप महत्त्वाची असेल तर बाहेरची बाग बघणारी खोली घ्या. आधी पाचशेच्या वर खोल्या होत्या, आता भिंती पाडून जोडून २४३ केल्यात त्यामुळे दाटीवाटी नाही.

मुलांसाठी आत गरम पाण्याचा पूल आहे, फ्रेंच लिकच्या जुन्या स्टेशनवरून हौशी ट्रेन सुटते, आणि गावातल्या म्युझियममधे सर्कशीचं भलंमोठं मिनिएचर आहे, हत्ती तंबू सगळं. बॅलार्डची हॅगनबेक-वॉलेस सर्कस हिवाळ्यात याच गावात मुक्कामाला असायची. आमच्याकडचं पोरगं त्या काचेला नाक लावून बसलं ते हलेना.

सिव्हिलवाला

घुमटाबद्दल लिहायचं राहवत नाही, कंटाळा आला तर स्क्रोल करा.

हा दगडाविटांचा घुमट नाही, स्टीलचा आहे. २४ बरगड्या, सायकलच्या आऱ्यांसारख्या मधल्या एका ड्रमला येऊन मिळतात. प्रश्न असा की स्टील उन्हाळ्यात प्रसरण पावतं, हिवाळ्यात आकुंचन पावतं, आणि इंडियानाची हवा म्हणजे जानेवारीत शून्याखाली आणि जुलैत भट्टी, तर २०० फुटांच्या पसाऱ्यात हे हलणं कुठेतरी जिरवायलाच हवं नाहीतर खालच्या भिंती फुटतील. म्हणून बरगड्यांची खालची टोकं रोलर्सवर टेकवलीत, आणि त्या बाहेर पसरू नयेत म्हणून परिघावर स्टीलची कडी आवळलीय. वेस्टकॉट पूलवाला होता, आणि पुलाला एका टोकाला रोलर देतात हे कुठल्याही पूलवाल्याला माहीत असतं. तेच त्याने गोलात वापरलं. १९९१ ला भिंत पडली तरी घुमट जागचा हलला नाही, यात मला तरी नवल वाटत नाही, आनंद मात्र होतो.

गिरगावकरीण

म्हणजे विजापूरच्या गोल घुमटापेक्षा मोठा??

सिव्हिलवाला

@गिरगावकरीण, व्यासाने हो. गोल घुमट आतून सव्वाशे फुटांच्या आसपास. पण अशी तुलना अन्यायाची होईल, तो सतराव्या शतकातला विटाचुन्याचा आहे, सगळं वजन कमानींच्या जाळ्यातून खाली उतरवलंय. स्टील हातात नसताना ते करणं हे माझ्या लेखी जास्त अवघड.

गिरगावकरीण

आणि इथे कुजबुज ऐकू येते का पलीकडे? विजापूरला शाळेच्या सहलीत आम्ही मास्तरांना नावं ठेवली होती ती त्यांना पलीकडून ऐकू गेली होती.

मिडवेस्टी_मावशी

@गिरगावकरीण, नाही गं, तसं काही नाही. खाली गालिचे, सोफे, माणसं, आवाज शोषला जातो. पण एक गंमत आहे, लोक आपोआप हळू बोलतात. आमचे हे सुद्धा.

शेवचिवडा

त्या पाण्याबद्दल कोणीच नीट बोलत नाहीये म्हणून मी बोलतो. त्या झऱ्यांच्या पाण्यात सोडियम आणि मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजे सरळ भाषेत जुलाब. शेजारच्या फ्रेंच लिकवाल्यांचं 'प्लूटो वॉटर', बाटलीवर लाल सैतान, आणि जाहिरात काय, तर निसर्गाला जमलं नाही तर प्लूटोला जमेल. वेस्ट बेडनवाल्यांचं 'स्प्रूडेल'. म्हणजे दोन भव्य राजवाड्यासारखी हॉटेलं, बॅंड, सर्कस, जुगार, पाहुण्यांच्या अंगावर रेशमी कपडे, आणि सगळा पसारा उभा कशावर तर बद्धकोष्ठावर. आपल्याकडे इसबगोलवाल्याने असा घुमट बांधल्याचं ऐकिवात नाही.

कांदेपोहे_कोलंबस

शेवचिवडा 😂😂 ऑफिसात वाचतेय.

तळेगावकर_सध्या_तरी

लेख चांगला आहे पण एक मुद्दा कोणी काढत नाहीये. हे सगळं जे वाचलं ते कॅसिनोच्या पैशावर ना? म्हणजे गरीब काउंटीतल्या लोकांना मशीनसमोर बसवायचं आणि त्या पैशाने श्रीमंतांना घुमट बघायला द्यायचा. वारसा जपणं वगैरे म्हणताना हे सांगायला पाहिजे.

ब्लूमिंग्टन_ग्रॅड

@तळेगावकर, अर्धं बरोबर आहे. क्रम बघा. १९९६ ला कुक मंडळींनी हात घातला तेव्हा फ्रेंच लिकला कॅसिनोचं लायसन कोणाकडेच नव्हतं. पडलेली भिंत परत बांधली, घुमट आणि अंगण नीट केलं, बागा केल्या, याला जवळपास साडेतीन कोटी डॉलर लागले ते स्वतःच्या खिशातून. उद्देश होता की पडायचं थांबवू, मग कोणीतरी विकत घेईल. कोणीही घेतलं नाही, वर्षानुवर्षं नुसती टूर चालायची, अंगणात खुर्च्या आणि वर रिकाम्या खोल्या. कॅसिनोचा कायदा नंतर आला, ऑरेंज काउंटीतल्या (या गावांचा जिल्हा) लोकांनी मतदान करून होकार दिला. २००४ मधे लायसन आधी ट्रम्पच्या कंपनीला मिळालं होतं (इथे धागा भरकटवू नका प्लीज), ते बारगळलं, मग कुक ग्रुप आला.

बिल कुक हे १९६३ मधे ब्लूमिंग्टनच्या एका फ्लॅटमधल्या रिकाम्या बेडरूममधे कॅथेटरच्या तारा बनवायला बसले होते, त्यातून कंपनी झाली. जुन्या इमारतींचा नाद मुख्यतः गेलबाईंचा. आमच्या युनिव्हर्सिटीच्या गावात त्यांनी आधीच बऱ्याच जुन्या इमारती दुरुस्त केल्या होत्या त्यामुळे गावात नाव होतं.

आता कॅसिनोची गंमत. इंडियानाच्या कायद्यात तेव्हा कॅसिनो बोटीवरच पाहिजे. फ्रेंच लिकला नदी नाही समुद्र नाही. मग काय केलं, बोटीसारखी दिसणारी इमारत बांधली आणि भोवती खंदक खणून पाणी सोडलं. २००६ ला उघडलं तेव्हा लोक म्हणायचे बोट इन अ मोट. कायदा बदलला तसा खंदक बुजवला. आज तिथे चालत जाताना तुम्ही त्या 'समुद्रा'वरूनच चालता.

तळेगावकर_सध्या_तरी

खंदकाचं माहीत नव्हतं, धन्य आहेत. पण मुद्दा तोच राहतो, कायदाच वाकवला.

ब्लूमिंग्टन_ग्रॅड

वाकवला, मान्य. ऑरेंज काउंटी त्याआधी राज्यातल्या सगळ्यात जास्त बेकारीच्या काउंटींपैकी एक होती, हेही जोडीला धरा. माझ्या वर्गातल्या एका मुलाची आई तिथे हाउसकीपिंगला लागली, त्याआधी ती रोज फर्निचरच्या कारखान्यात तासभर गाडी चालवत जायची, तो कारखानाही बंद पडला. तिच्यासमोर वारसा आणि जुगार अशी चर्चा करून बघा.

गिरगावकरीण

मला कॅसिनोपेक्षा त्या पाद्र्यांचा राग आलाय. मी आत्ता जुने फोटो शोधून बघितले, कोपऱ्यांवर चार मूरिश मनोरे होते, काय सुंदर! ते यांनीच उतरवले ना? आणि झरेही बुजवले म्हणे. एक डॉलरला मिळालं म्हणून काय वाटेल ते करायचं?

मिडवेस्टी_मावशी

@गिरगावकरीण, मी टूरवर अगदी हेच विचारलं होतं. गाइड आजी हसल्या, म्हणाल्या सगळे विचारतात. यावर मला जरा सविस्तर लिहायचंय कारण माझं मत तुझ्या उलट झालंय.

जेझुइटांनी मनोरे उतरवले, झऱ्यांवर काँक्रीट ओतलं, लॉबीचं चॅपल केलं, फर्निचर घालवलं, साधेपणाच्या व्रतात बसत नाही ते सगळं गेलं. हे खरं. पण १९३४ साल डोळ्यासमोर आण. मंदी, पाचशे खोल्यांचं बंद हॉटेल, खरेदीदार शून्य. त्या काळातली अशी किती रिसॉर्ट हॉटेलं भंगारात गेली किंवा 'अचानक' जळली. यांनी काय केलं तर तीस वर्षं छप्पर गळू दिलं नाही. हिवाळ्यात इमारत गरम ठेवली. त्यांच्यासाठी तो घुमट वगैरे काही नव्हताच, एक अडचणीचं मोठं आवार, जिथे शंभराच्या वर मुलं शिकत होती. आणि सौंदर्यापायी कोणी काही जपलं नाही तरी राहती इमारत टिकते, रिकामी पडते. मागे १९८३ ला कॉलेज गेलं आणि अवघ्या आठ वर्षांत भिंत कोसळली बघ. तुंबलेल्या पन्हळीतून पाणी आत मुरत होतं आणि बघायला कोणी नव्हतं, बास.

आवाराच्या मागे टेकडीवर त्यांची छोटी दफनभूमी आहे, ३९ जेझुइट तिथेच पुरलेत, एकसारखे दगड ओळीने. आम्ही गेलो तेव्हा वर फक्त एक माणूस गवत कापत होता. मला तर वाटलं हॉटेलच्या ब्रोशरमधे सिंक्लेअरइतकाच यांचाही फोटो पाहिजे.

मनोरे दुरुस्तीच्या कामात परत बांधले. त्यामुळे तू गेलीस तर तुला दिसतील.

गिरगावकरीण

हं. पटतंय, पण पूर्ण नाही. मग आपल्या काळाघोड्याच्या वॉटसन हॉटेलचं काय? ती तर कधी रिकामी नव्हती, ऑफिसं, वकील, झेरॉक्सवाले, भाडेकरू गच्च भरलेले. १८६० च्या दशकातली बिडाच्या सांगाड्याची इमारत, सगळे सुटे भाग इंग्लंडहून जहाजाने आणून जोडलेले, आणि शेवटी २०१९ मधे धोकादायक म्हणून रिकामी करावी लागली. माणसं राहत होती तरी सडलीच ना.

सिव्हिलवाला

@गिरगावकरीण, चांगला मुद्दा. फरक मालकीचा. सेमिनरीत राहणारा आणि दुरुस्ती करणारा एकच होता. मुंबईत भाडं गोठलेलं, मालक म्हणतो मी का खर्च करू, भाडेकरू म्हणतो मालकाचं काम, सरकार म्हणतं दोघांनी बघा. मावशींच्या वाक्यात एवढी दुरुस्ती सुचवतो की राहती इमारत टिकते पण गच्चीवर चढून पन्हळ साफ करणं हे कोणाचं काम ते ठरलेलं असेल तर.

मिडवेस्टी_मावशी

@सिव्हिलवाला, घेतली दुरुस्ती 🙂

निवांत_दुपार

इतका वेळ नुसती वाचत होते. घुमटाच्या मधल्या त्या ड्रमच्या आत चित्रं आहेत ती बघितलीत का कोणी? आमच्या गाइडने सांगितलं की आत गेलेल्या कामगारांना भिंतीवर रंगवलेले देवदूत दिसले. खालून काहीच दिसत नाही, वर जायचं तर घुमटावरच्या अरुंद पायवाटेवरून, त्यामुळे पर्यटकांना नेत नाहीत. १०० वर्षं ज्यांना कोणी बघणार नाही अशा ठिकाणी कोणीतरी बसून देवदूत काढले. मी परत आल्यापासून याचाच विचार करतेय, त्याला दुपारच्या जेवणाची सुट्टी किती मिळत असेल वगैरे.

शेवचिवडा

पाणी प्यायल्यावर लपून बसायला जागा शोधत वर गेला असणार.

निवांत_दुपार

शेवचिवडा, तुम्हाला देवदूत बघून घेतील.

नानांचा_नातू

सिरियस प्रश्न. आईबाबा मे महिन्यात पुण्याहून येतायत, बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, चालणं बेताचं. आई शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, आणि "या वासाच्या भांड्यात केलंय" म्हणून उठून जाते. न्यावं का? का नायगारावरच समाधान मानावं?

मिडवेस्टी_मावशी

@नानांचा_नातू, न्या बिनधास्त. बाबांसाठी तर याहून सोपं ठिकाण नाही, लिफ्ट आहे, सगळं एका गोलात, अंगणात सोफे, व्हीलचेअर आरामात फिरते. दोन हॉटेलं आणि कॅसिनोच्या मधे शटल असते. बाग उताराची आहे, ती पूर्ण फिरायची गरज नाही, झऱ्यांच्या घुमट्या जवळच आहेत.

आईंचं मात्र स्पष्ट सांगते, हा स्टेक खाणारा भाग आहे. पास्ता, सॅलड, बटाटा यावर एक मुक्काम निघतो, दोन निघणार नाहीत. आधी फोन करून किचनशी बोला, बिनअंड्याचं म्हणजे काय ते नीट समजावून सांगा. आणि बरोबर मेतकूट, दशम्या, लोणचं न्याच. टोमॅटो ज्यूस मात्र आवर्जून पाजा, तो हॉटेलात द्यायची सुरुवात शेजारच्या फ्रेंच लिक हॉटेलातच झाली, १९१७ मधे संत्री संपली म्हणून लुई पेरां नावाच्या शेफने टोमॅटो पिळले.

ब्लूमिंग्टन_ग्रॅड

येताना बेडफर्डला थांबा, बाबांना इंटरेस्ट असेल तर. तिथल्या चुनखडीच्या खाणींतून एम्पायर स्टेट बिल्डिंगचा दगड गेलाय, रस्त्यावरून जुन्या खाणी दिसतात. आणि मे महिन्यात पाऊस असतो, त्यापेक्षा ऑक्टोबर. फॉल कलर्समधे तो पेओलीचा रस्ता म्हणजे काय सांगू. फक्त तेव्हा बुकिंग लवकर करा, वीकेंड मिळत नाहीत.

नानांचा_नातू

तिकिटं मेचीच आहेत, बदलली तर आई आधी मलाच उतरवेल विमानातून. मंगळवार बुधवार धरून बघतो. दशम्या नोट केल्या, मेतकूट ती स्वतःच आणते, कस्टममधे दरवर्षी त्या पुडीवरून चर्चा होते.

कांदेपोहे_कोलंबस

आम्ही बुक केलं! बाल्कनीवाली. पोरांना सर्कशीचं सांगितलंय, पाण्याचं नाही सांगितलं. @मावशी, तो स्प्रूडेल म्हातारा फायरप्लेसच्या कुठल्या बाजूला आहे ते मला खाजगीत कळव, त्यांच्याआधी मला सापडायला हवा.